मुद्दाम चुकीचं उत्तर देऊन बघ

कोर्स घेऊच नकोस, असं मी म्हणणार नाहीये, तेव्हा आधी तो रुसवा सोड. तुम्ही दोघं संध्याकाळी सातच्या आत घरी पोचत नाही. अशा वेळी सातवीतल्या मुलीला कुणी घरबसल्या गणित-विज्ञान नीट समजावून देणार असेल, तर विचार करायला काहीच हरकत नाही. आणि मी शाळेत गणित शिकवते म्हणून मला ऑनलाइनवाल्यांचा राग आहे, असंही नाही. माझं म्हणणं एवढंच, की डेमोचा तास बघून पैसे भरू नकोस.

अगं, डेमोला ते आपला सगळ्यात हसरा, सगळ्यात तयारीचा शिक्षक बसवणारच. विषयही असा घेणार की अर्ध्या तासात मुलाचे डोळे चमकावेत: ज्वालामुखीचं अ‍ॅनिमेशन, नऊच्या पाढ्याची बोटांवरची गंमत, दोन अंकी संख्यांचा झटपट गुणाकार. तुला कोर्स जोखायचा असेल तर त्यांच्याकडे मधलाच एखादा रटाळ धडा माग. ऋण संख्यांची वजाबाकी माग, नाहीतर वेगवेगळ्या छेदांच्या अपूर्णांकांची बेरीज. नुसता व्हिडिओ नको, त्याखालचा सराव आणि त्या धड्याची चाचणीसुद्धा. ‘ते पैसे भरल्यावरच उघडतं मॅडम’ असं म्हणाले, तर चारआठ दिवस सगळा कोर्स उघडून द्या म्हणावं. त्यालाही नाही म्हणाले तर मी तरी तिथेच फोन ठेवीन.

धडा हातात आला की लेकीला खेळायला पाठव आणि स्वतः बस. आणि मुद्दाम चुका कर.

१/२ + १/३ विचारलं की २/५ लिही. ही चूक मी दरवर्षी वह्यांच्या गठ्ठ्यात बघते. अंशात अंश मिळवायचा, छेदात छेद, मोकळे. आता पडद्यावर काय येतं ते बघ. पुष्कळ ठिकाणी लाल फुली येते, ‘पुन्हा प्रयत्न करा’ येतं, फार तर एखादं रडवेलं कार्टून. दुसऱ्यांदा चुकलीस की बरोबर उत्तर दाखवतात आणि पुढचा प्रश्न. यातून मुलाला एवढंच कळतं की आपलं चुकलं. का चुकलं हे कळत नाही, मग ते ‘लसावि काढायचा, वर गुणायचं’ एवढी कृती पाठ करून टाकतं आणि महिन्याभराने विसरतं.

ज्याने कोर्स लिहिताना पोरांच्या वह्या बघितल्यात, त्याला २/५ दिसलं की ते कुठून आलं हे ठाऊक असतं. त्याचा कोर्स तुला उलट विचारेल: २/५ अर्ध्यापेक्षा मोठं की लहान? संख्यारेषेवर दाखव बघू. मूल दाखवतं, आणि थबकतं. लहान आहे! अर्ध्यात आणखी काहीतरी मिळवलं आणि उत्तर अर्ध्याहून कमी कसं आलं? एवढं खटकल्यावर मग समच्छेद करण्याची गरज त्याला आपणहून पटते. असा एक जरी प्रसंग त्या धड्यात सापडला, तर मी त्या कोर्सकडे आदराने बघेन. त्याचं अ‍ॅनिमेशन ओबडधोबड असलं तरी.

दशांशाचंही असंच तपास. ०.३५ आणि ०.४ यांत मोठं कोण? कितीतरी मुलं ०.३५ सांगतात, कारण पस्तीस चारापेक्षा मोठे. आता कोर्समध्ये तुलनेला दिलेल्या जोड्या नीट बघ. सगळीकडे ०.७ आणि ०.४, ०.३५ आणि ०.२१ अशाच जोड्या असतील, तर चुकीचा नियम डोक्यात असलेल्या मुलालाही दहापैकी दहा पडणार. वर तुला शाबासकीचा मेसेज येणार, आणि तू तो माहेरच्या ग्रुपवर टाकणार. तिच्या डोक्यातली गडबड मात्र तशीच राहिलेली असेल.

विज्ञानाला माझा आवडता प्रश्न ऋतूंचा. उन्हाळा का होतो? ‘पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून’ असं मुलं सांगतात, आणि खरं सांगू का, मोठी माणसंही सांगतात. वास्तविक पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ येते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, तेव्हा निफाडला द्राक्षबागांत शेकोट्या पेटलेल्या असतात. खरं कारण पृथ्वीच्या अक्षाचा कल. कितीतरी व्हिडिओंत मात्र पृथ्वीची कक्षा लांबट अंड्यासारखी काढतात, म्हणजे मुलाचा गैरसमज आणखी पक्का. (ती कक्षा प्रत्यक्षात इतकी गोल असते की नुसत्या डोळ्यांना वर्तुळच वाटावी.) तो धडा लाव. गैरसमजाचं नाव घेऊन तो खोडलाय का बघ. नुसतं ‘पृथ्वीचा अक्ष २३.५ अंशांनी कललेला आहे’ असं गोड आवाजात सांगून पुढे गेले असतील, तर तसं आपलं पुस्तकही सांगतंच.

आता तू म्हणशील, ‘ताई, पण तिला तो सर इतका आवडला, म्हणाली मम्मा एकदम क्लिअर झालं.’ नेमकी इथेच फसगत होते, आणि यावर अभ्यास झालेले आहेत. ‘व्हेरिटॅसियम’ नावाचं विज्ञानाचं यूट्यूब चॅनेल चालवणारा डेरेक मुलर तुझ्या नवऱ्याला माहीत असेल. त्याने २००८ साली सिडनी विद्यापीठातून पीएचडी केली, ती याच विषयावर. विद्यार्थ्यांना भौतिकशास्त्राचे व्हिडिओ दाखवले. काहींत विषय स्वच्छ, सरळ मांडलेला. काहींत आधी नेहमीचे गैरसमज बोलून दाखवलेले आणि मग ते खोडलेले. पहिल्या प्रकारचे व्हिडिओ मुलांना सोपे वाटले, स्पष्ट वाटले, आणि चाचणीत त्यांचे गुण जवळपास होते तिथेच राहिले. दुसरे गोंधळात टाकणारे वाटले, डोकं लावावं लागलं, आणि गुण त्यांचे वाढले. सरळ मांडणी बघताना मुलांना वाटत होतं की हे तर आपल्याला येतंच, आणि आपल्या डोक्यातलं चुकीचंच त्यांना तिथे ऐकू येत होतं.

दुसरा प्रयोग अमेरिकेतला, रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा, २००६ सालचा. एका गटाने उतारा पुन्हापुन्हा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचून मग आठवेल तेवढं कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हापुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे पुढे. गंमत म्हणजे, आपल्या लक्षात राहील याची जास्त खात्री वाचणाऱ्यांनाच होती. ती कॉलेजची मुलं होती हे खरं, पण सातवीच्या वर्गात मला वेगळं काही दिसत नाही.

तेव्हा तिला ‘समजलं का?’ असं व्हिडिओ संपल्या संपल्या विचारू नकोस. दोन दिवस जाऊ देत. मग कोरा कागद, पेन्सिल, मोबाइल दुसऱ्या खोलीत, आणि त्याच धड्यावरची तीन उदाहरणं, पण आकडे बदललेली. त्यातलं एक शाब्दिक असू दे, कारण तिथेच पोरांची भंबेरी उडते. आणि एक तिला तुला शिकवायला सांग. तू ढ असल्याचं सोंग घे. तुला फार अवघड जाणार नाही.

याहून मोठी गोष्ट सांगते, ती कुठलाही विक्रेता आपणहून सांगत नाही. कोर्स विकला जातो इयत्तेवर. ‘सातवी गणित, पूर्ण अभ्यासक्रम.’ पण आपली मुलगी सातवीत बसते म्हणजे तिचं गणित सातवीत असतंच असं नाही. दिल्लीत सरकारी शाळांतल्या सहावी ते नववीच्या मुलांवर एक अभ्यास झाला होता. कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेहांद्रो गॅनिमियन या अर्थशास्त्रज्ञांनी केलेला, २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीलाच दिसलं की सहावीतली मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती. मुलांना सोडत काढून ‘माइंडस्पार्क’ नावाच्या कार्यक्रमाच्या केंद्रांत पाठवलं. त्यातलं सॉफ्टवेअर मूल खरोखर जिथे आहे तिथून सुरू होतं, म्हणजे सातवीतल्या मुलाला चौथीचा भागाकार येत नसेल तर भागाकारच देतं. साडेचार महिन्यांत ही मुलं गणितात आणि हिंदीतही, सोडतीत नंबर न लागलेल्या मुलांच्या बरीच पुढे गेली.

हे वाचून ‘बघ, सॉफ्टवेअर चालतं’ असं मला लगेच सांगू नकोस. ती मुलं आठवड्याचे सहा दिवस केंद्रात जात होती. पाऊण तास संगणक, आणि पुढचा पाऊण तास लहान गटात एक माणूस समोर बसून शिकवायचा. तो माणूस वजा करून, मूल आणि मोबाइल एवढंच घरात ठेवलं तर तेच होईल, असं त्या अभ्यासातून निघत नाही. जाहिरातीत मात्र निम्मंच सांगतात.

म्हणून कोर्सवाल्यांना विचार, सुरुवातीला चाचणी घेता का? सगळे हो म्हणतील. मग पुढचं विचार: चाचणीनंतर माझ्या मुलीचा पहिला आठवडा आणि शेजारच्या मुलीचा पहिला आठवडा यांत फरक काय असेल? इथे बहुतेकांची बोलती बंद होते. चाचणीचा निकाल काहीही लागो, ‘मुलीत खूप पोटेन्शियल आहे पण बेसिक कच्चं आहे’ हे वाक्य आणि तेच पॅकेज आलं, तर ती चाचणी गिऱ्हाईक गाठण्यापुरती.

थेट तास असतील तर बॅच केवढी, ते विचार. शंभर मुलं, माइक बंद, चॅटमध्ये ‘यस सर’ टाकायचं, हे उंटावरून शेळ्या हाकणं झालं. त्यापेक्षा रेकॉर्ड केलेला व्हिडिओ बरा, निदान मागे नेऊन पुन्हा बघता येतो. एक तास तू मागे बसून बघ आणि तासभरात तुझ्या मुलीने किती वेळा काही लिहिलं, बोललं किंवा विचारलं, एवढंच मोज. गृहपाठ कोण तपासतं, तेही विचार. वहीच्या पानाचा फोटो पाठवला तर कुणी त्यावर ‘इथे चिन्ह बदललंस’ असं लिहितं का, की नुसती बरोबरची खूण येते? शिक्षक आयआयटीचा आहे हे तुला फार ऐकवतील. सातवीच्या मुलीला ऋण संख्या समजावायला आयआयटी लागत नाही, तिच्या चुकांचा कंटाळा न येणारा माणूस लागतो.

पुस्तकाचं एक आहेच. एनसीईआरटीने सहावीची नवी पुस्तकं २०२४ मध्ये आणली, सातवी-आठवीची २०२५ मध्ये. सीबीएसईची मुलगी असेल तर कोर्स नव्या पुस्तकावर आहे की जुनेच व्हिडिओ नवं मुखपृष्ठ लावून विकताहेत, हे अनुक्रमणिका शेजारी ठेवून दहा मिनिटांत कळतं. आपली सेमीला, म्हणजे बालभारतीचं पुस्तक, गणित-विज्ञान इंग्रजीतून, आणि घरात मराठी. तिथे शिक्षक हिंदीतून समजावणार असेल तर तिला चालतं का, हे तिलाच विचार. काहींना अजिबात अडत नाही, काही मुली तेवढ्यानेच गप्प होतात.

कोडिंग, वेदिक गणित, अबॅकस, यांच्याबद्दल मी थोडक्यात उरकते. हौस असेल तर जरूर कर, पण ‘मागे पडेल’ या भीतीने नको. २०२० मध्ये लॉकडाउनच्या काळात कोडिंग क्लासच्या जाहिराती आठवतात? कोट्यवधींची नोकरी मिळवणारा पोरगा दाखवला होता आणि तो मुलगाच काल्पनिक निघाला. त्या क्लासच्या काही जाहिराती मागे घ्यायला जाहिरात मानक परिषदेने सांगितलं होतं. तिला कोडिंग करून बघायचं असेल तर एमआयटीच्या मीडिया लॅबने बनवलेलं ‘स्क्रॅच’ आहे, ते आठ ते सोळा वर्षांच्या मुलांसाठीच आहे आणि फुकट आहे. सुट्टीत तिला त्यावर सोडून दे. दुसऱ्या आठवड्यातही आपणहून उघडलं तर क्लासचं बघू.

फुकट म्हटल्यावर तुझं नाक मुरडलं गेलं असणार, मला माहीत आहे. पण पैसे भरण्याआधी हे बघून ठेव, निदान तुलनेला. कोलोरॅडो विद्यापीठाचं ‘फेट’ आहे, नोबेल मिळालेल्या कार्ल वीमनने २००२ मध्ये सुरू केलेलं. त्यात अपूर्णांक, विद्युत परिपथ, घनता असं सगळं हाताने हलवून बघता येतं, आणि पुष्कळसं मराठीतही आहे. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर टाकाऊतून बनवायची विज्ञान खेळणी आणि ढीगभर मराठी पुस्तकं आहेत. खान अकॅडमीचा सराव चांगला आहे, अडलं की पायरीपायरीने सूचना देतो. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की सरकारी ‘दीक्षा’वर त्या धड्याचं साहित्य मिळतं. तिथे काही फार सुंदर आहे आणि काही नुसतं पुस्तक मोठ्याने वाचल्यासारखं, तेव्हा २/५ ची परीक्षा तिथेही लाव. फुकट आहे म्हणून सूट नाही.

आता पैसे. डिसेंबर २०२१ मध्ये शिक्षण मंत्रालयाने पालकांसाठी एक सूचनापत्रक काढलं होतं, खास या कंपन्यांबद्दल. त्यात स्पष्ट म्हटलंय की खात्यातून आपोआप पैसे वळते होण्याची परवानगी देऊ नका, अटी वाचल्याशिवाय सही करू नका, जाहिरातींतल्या यशोगाथांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. मी यात एक भर घालते. ‘फक्त इतके रुपये महिना’ म्हणतात, ते बहुतेकदा मासिक शुल्क नसतं, तुझ्या नावावर काढलेलं कर्ज असतं, आणि तेही दुसऱ्याच वित्तसंस्थेचं. मुलगी तिसऱ्या महिन्यात कंटाळली तरी हप्ता चालूच. तेव्हा कर्ज कुणाचं, आणि कोर्स सोडला तर परतावा किती दिवसांत, हे ईमेलवर लिहून घे. फोनवरचं गोड बोलणं पुढे कुठे दाखवता येत नाही. ‘ऑफर आज रात्री बारापर्यंतच’ हा प्रकार खोटा असेल तर तो आता नियमाविरुद्ध आहे. ग्राहकांना असं फसवून घाई करायला लावण्यावर केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये बंदी घातली आहे. अडचण आलीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. आणि मुलीचा फोटो, ‘माझा अनुभव’ असा व्हिडिओ वगैरे मागितला तर नाही म्हणायचं. तिचं नाव, शाळा, चेहरा त्यांच्या जाहिरातीत कशाला?

वेळेचं म्हणशील तर लॉकडाउनमध्ये केंद्राच्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचनांत आठवीपर्यंतच्या मुलांना दिवसाला तीस ते पंचेचाळीस मिनिटांचे दोनच थेट तास सांगितले होते, तेही शाळाच पडद्यावर असताना. आता शाळा करून, बसचा प्रवास करून आलेल्या मुलीला रोज दोन तासांचा कोर्स लावणार असशील तर मी तिच्या बाजूने भांडायला येईन. आठवड्यातून तीन दिवस, पाऊण तास, त्यातला निम्मा वेळ वहीवर. याहून जास्त मागणारा कोर्स मला नको.

आणि कोर्स लागतोच का, हेही एकदा तिला बाजूला घेऊन विचार. गेल्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आईने असाच महागडा कोर्स शोधायला घेतला होता. पोरीला विचारलं तर तिला फक्त शेकडेवारी कळत नव्हती आणि बाईंना विचारायची लाज वाटत होती. मधल्या सुट्टीत दोनचारदा बसलो, झालं.

तर या शनिवारी दोन कोर्स निवड, एक पैशाचा, एक फुकटचा. अपूर्णांकांचा धडा दोन्हीकडे तिला करू दे, मध्ये आठवडा जाऊ देऊन. प्रत्येक वेळी दोन दिवसांनी तिने जो कागद सोडवला असेल, त्याचा फोटो मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव. उजेडात काढ, आणि पाठवण्याआधी तिला खाडाखोड पुसायला लावू नकोस. मला तीच बघायची आहे.